बालमृत्यूचा ताळेबंद : घटलेले आकडे आणि उरलेले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वाकड येथे भरलेल्या सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवात कोणत्या विषयावर बोलणार, असे कार्यवाहांनी मला विचारले तेव्हा मी 'बालमृत्यू' असे उत्तर दिले. ते क्षणभर स्तब्ध झाले. मंगल प्रसंगी असा अशुभ विषय कशाला, हा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होता. मी त्यांना म्हणालो, पन्नास वर्षांचा हिशेब वाचायचा तर जमेची बाजू आणि नावेची बाजू दोन्ही वाचाव्या लागतात. हा विषय दोन्ही बाजूंचा आहे. मी वैद्य नाही, अभ्यासकही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाचा व्यापारी, एवढाच माझा परिचय. तेव्हा जे सांगेन ते व्यापाऱ्याच्या नजरेने सांगेन.

आरंभ आमच्या दुकानातील जुन्या वह्यांपासून करतो. माझ्या वडिलांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत लिहिलेल्या उधारीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. वाकड तेव्हा लहानसे खेडे होते. हिंजवडी, मारुंजी, पुनावळे, ताथवडे येथील शेतकरी आमचे गिऱ्हाईक. त्या वह्यांची पाने उलटताना एक गोष्ट वारंवार डोळ्यांसमोर येते, ती म्हणजे नावे. धोंडीबा, दगडू, भिकाजी, केरू, पुन्हा धोंडू, पुन्हा भिकू. आजच्या संगणकावरील बिलांमध्ये यांतले एकही नाव सापडत नाही. ही नावे आवडीने ठेवलेली नव्हती. आधीची दोन-तीन मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव दगड, धोंडा किंवा केर यांवरून ठेवायचे, म्हणजे मृत्यूला त्याचा मोह होणार नाही, अशी ती भोळी समजूत होती. त्या वहीतील प्रत्येक धोंडीबाच्या मागे त्याची न जगलेली भावंडे उभी आहेत. सरकारी अहवाल वाचण्यापूर्वी बालमृत्यूचे प्रमाण मला या वह्यांनी सांगितले.

आमचे घरही त्याला अपवाद नव्हते. माझ्या आईला सात अपत्ये झाली, आम्ही चौघे राहिलो. कोणी विचारले तर वडील 'चार मुले' असे सांगत. आई मात्र अखेरपर्यंत 'सात' म्हणत असे. लहानपणी मला वाटे, आईचा हिशेब चुकतो. आज कळते की तिचाच हिशेब पुरा होता.

आता आकड्यांकडे वळू. ज्याला अर्भकमृत्यू दर म्हणतात, त्याचा अर्थ सोपा आहे. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे किती बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच जातात, ती संख्या. आपल्या देशात हे मोजण्यासाठी 'नमुना नोंदणी योजना' आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती उभी राहिली. निवडलेल्या गावांत आणि शहरी विभागांत एक नोंदणीदार वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघर जाऊन तीच माहिती गोळा करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जिथे मेळ बसत नाही तिथे पुन्हा चौकशी होते. रोजकीर्द आणि खतावणी यांचा ताळा पाहण्याची आपली रीत याहून फारशी वेगळी नाही. म्हणूनच या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

हे आकडे असे आहेत. १९७१ मध्ये भारताचा अर्भकमृत्यू दर हजारी १२९ होता. १९९० मध्ये तो ८० झाला, २००० मध्ये ६८, २०१० मध्ये ४७, २०२० मध्ये २८ आणि २०२३ मध्ये २५. महाराष्ट्र देशाच्या सरासरीपेक्षा बराच पुढे आहे. २०२० मध्ये आपल्या राज्याचा दर १६ होता. केरळचा त्याच वर्षी ६ होता. १९७१ मध्ये देशात दर आठ बालकांपैकी एक पहिल्या वर्षात जात असे, आता चाळिसांतील एक जाते. एका पिढीच्या काळात झालेली ही कमाई साधी नाही. ज्या देशाला आपण उठता-बसता नावे ठेवतो, त्या देशाने हे साधले आहे.

त्याही मागे गेलो तर चित्र फार विदारक दिसते. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. १८८६ मध्ये अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुंबई शहरात १९२१ साली नोंदलेला अर्भकमृत्यू दर हजारी सहाशेहून अधिक होता. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खरा वाटेना. नंतर उलगडा झाला. गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जात. जन्माची नोंद मुंबईत होत नसे. मूल घेऊन त्या चाळीतील कोंदट खोलीत परतत आणि मूल दगावले की मृत्यू मात्र मुंबईत लागे. भाज्य एका वहीत आणि भाजक दुसऱ्या वहीत, असा तो प्रकार होता. तरीही चाळीतील मृत्यूंचे प्रमाण भयंकर होते, यात शंका नाही. हा मुंबईचा दाखला कृपया ध्यानात ठेवा, पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

मग हे मृत्यू घटले कसे? पैसा वाढला म्हणून, असे आपण व्यापारी लोक सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. आपल्या शेजारच्या पिंपरीचेच उदाहरण घ्या. १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला तो भारतातील पेनिसिलिनचा पहिला कारखाना. आपल्यापैकी कित्येकांचे वडील किंवा काका तेथे नोकरीला होते. जंतुसंसर्गाने जाणारे मूल औषधाने वाचू शकते, हे त्या पिढीने प्रथम पाहिले.

त्यानंतर लसी आल्या. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. पोलिओचा देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. नवजात बालकांचा धनुर्वात हे पूर्वी घरोघरचे संकट होते. जुन्या विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापली की आठवड्याभरात मूल ताठरून जाई. पाचवी-सहावीच्या पूजेच्या दिवसांतच हे घडे, म्हणून लोक त्याला सटवाईचा लेख मानत. गरोदर स्त्रियांना लस आणि नाळ कापायला निर्जंतुक पाते, एवढ्यानेच तो लेख पुसला गेला. २०१५ मध्ये भारतातून हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. अतिसाराचेही तसेच. मीठ-साखर-पाण्याची जलसंजीवनी ही चिमूटभर खर्चाची वस्तू. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर करून अनेकांचे प्राण वाचवले.

परंतु औषध शोधून काढणे आणि ते झोपडीपर्यंत पोहोचवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीत महाराष्ट्राने सगळ्या देशाला धडा दिला. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, अशा गावातील स्त्रियांनाच त्यांनी आरोग्यसेविका केले. तेथील अर्भकमृत्यू दर आरंभी हजारी १७६ होता, १९९० च्या दशकात तो तिसाच्या खाली आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे, गावातल्या स्त्रियांना हाताशी धरून असेच काम उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. रुग्णालय दूर असेल तर नवजात बालकाची काळजी घरीच घेता येईल का, असा प्रश्न त्यांनी विचारला. ३९ गावांतील निवडक स्त्रियांना त्यांनी बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. त्या गावांत नवजात मृत्यू दर ६२ वरून २५ वर उतरला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापले गेले. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवण्याचे ठरवले. आज रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यावी, असा नियम आहे. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवशीही एक भेट.

या साऱ्या उदाहरणांतून मी एकच निष्कर्ष काढतो. मृत्यू घटले ते योग्य वेळी कोणीतरी दारात गेले म्हणून. ज्या घरी कोणी गेले नाही, तिथले मूल आजही जुन्याच शतकात जन्म घेते.

येथे सरासरीचा फसवेपणा सांगायला हवा. वर्षअखेरीस दुकानाला सरासरी नफा झाला, म्हणून प्रत्येक माल नफ्यात विकला गेला असे होत नाही. कोणता माल तोट्यात गेला हे पाहणारा व्यापारी टिकतो. देशाच्या खात्यात तोटा दोन ठिकाणी साचला आहे. पहिला तोटा पहिल्या महिन्यात आहे. २०२० मध्ये हजारी २८ बालके वर्षाच्या आत गेली, त्यांतील २० पहिल्या २८ दिवसांत आणि त्यांतलीही १५ पहिल्याच आठवड्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने तिचे आकडे थोडे निराळे येतात, पण कल हाच दिसतो. १९९२-९३ ते २०१९-२१ या काळात पहिल्या महिन्यानंतरचे अर्भकमृत्यू ३० वरून १० वर आले, म्हणजे दोन तृतीयांशाने घटले. पहिल्या महिन्यातील मृत्यू ४९ वरून २५ वर आले, म्हणजे जेमतेम निम्मे झाले. दुसरा तोटा गरिबांच्या घरी आहे. अत्यंत गरीब घरांतील पाच वर्षांखालील बालमृत्यूचे प्रमाण सधन घरांच्या सुमारे तिप्पट आहे. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. हजारी २५ हा आकडा लहान वाटतो, पण त्याचा अर्थ वर्षाला पाच लाखांहून अधिक अर्भके असा होतो.

आता मी माझ्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. आजवर तो मी चारचौघांत सांगितला नाही.

१९९७ मध्ये वाकड महानगरपालिकेत आले. पाठोपाठ हिंजवडीला संगणक कंपन्या आल्या आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. त्या बांधणारे मजूर मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून, पुढे बिहार-झारखंडमधून आले आणि पत्र्याच्या खोल्यांत राहू लागले. २००६ सालच्या डिसेंबरात, सकाळी दुकान उघडून मी दिवाबत्ती करत असताना, असाच एक तरुण मजूर आला. त्याने मांजरपाट मागितले. किती हवे म्हणून विचारले तर त्याने दोन्ही हात थोडेसे लांब करून दाखवले. कापड विकणाऱ्याला माप कळायला वेळ लागत नाही. सव्वा मीटर. मी कापड फाडले, घडी घातली, पैसे घेतले आणि गल्ल्यात टाकले. सवयीने हात चालले. तो वळल्यावर मी विचारले, किती दिवसांचे होते? तो म्हणाला, चार. बाळ अपुऱ्या दिवसांचे होते, पत्र्याच्या खोलीतच जन्मले, थंडीने गार पडले, दूध ओढेना. कोणाला बोलवायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या खोलीपासून आमचे दुकान पाच मिनिटांच्या अंतरावर होते. आमच्या कपाटात तेव्हा टोपडी, कुंच्या, दुपटी आणि लोकरीचे मोजे खच्चून भरलेले होते.

त्या दिवसाच्या रोजकीर्दीत 'मांजरपाट सव्वा मीटर' अशी जमेची नोंद माझ्या हातची आहे. एवढीच त्या बाळाची या गावातील नोंद असावी. ज्या गावचे ते कुटुंब, तिथे त्याचा जन्म लागला नव्हता. इथे त्याचा मृत्यू कोणी लावला असेल असे मला वाटत नाही. मघाशी मुंबईचा दाखला दिला, तो यासाठीच. शंभर वर्षांपूर्वी गिरणी कामगाराचे मूल निदान एका वहीत तरी येत होते. आपल्या दारातले हे मूल कोणत्याच वहीत आले नाही. जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी कोणी धावत नाही.

बंधु-भगिनींनो, मजुरांचे बोलताना आपल्या समाजाचे एक कटू सत्य झाकणे बरे नव्हे. २००१ च्या जनगणनेत साक्षरतेत आपला समाज देशात पहिला होता, ९४ टक्क्यांहून अधिक. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात आपल्याकडे हजार मुलांमागे मुली होत्या ८७०. २०११ मध्ये त्या ८८९ झाल्या. काहीशी सुधारणा झाली, पण मान वर करून सांगावी इतकी नाही. या न जन्मलेल्या मुली कोणत्याही बालमृत्यू दरात धरल्या जात नाहीत. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुसा' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. मुलाचे नाव धोंडू ठेवले ते मृत्यूला फसवण्यासाठी. मुलीचे नाव नकुसा ठेवले ते मनातले खरे सांगण्यासाठी. मुंगीला जपून पाऊल टाकण्याची शिकवण ज्या घरांत पाळण्यापासून मिळते, त्या घरांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा, एवढीच माझी प्रार्थना.

आता कर्तव्याकडे येतो. गेल्या पन्नास वर्षांत या ट्रस्टने दवाखान्यांना देणग्या दिल्या, रक्तदान शिबिरे भरवली, विद्यार्थ्यांना वह्या दिल्या. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पुढील काळासाठी माझी नम्र सूचना नव्या वास्तूची नाही, एका वहीची आहे.

वाकड, ताथवडे, पुनावळे या परिसरात जिथे जिथे बांधकाम चालू असेल, तिथे दर महिन्याला आपल्यापैकी दोघांनी जावे. गरोदर स्त्रिया किती, तान्ही बाळे किती, याची यादी करावी आणि ती महानगरपालिकेच्या परिचारिकेकडे व आशाताईंकडे द्यावी. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि आजारी अर्भकाचे उपचार मोफत आहेत, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, हे त्या कुटुंबाला त्याच्या भाषेत सांगावे. महिला मंडळाच्या भगिनींनी पहिल्या महिन्यातील भेटींना सोबत जावे. पाहायचे ते फार अवघड नाही. बाळ दूध ओढते का, अंग गार लागते का, झटके येतात का, शांत झोपेत श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त तर नाही ना. यांतले काहीही आढळले तर वाट न पाहता रुग्णालय. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालणे आणि जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजणे, या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही. चिकाचे दूध पिळून टाकण्याची जुनी चाल आपल्याही घरांतून पूर्णपणे गेली आहे का, हे आपापल्या मनाला विचारावे.

आपल्यातील बांधकाम व्यावसायिकांनाही एक विनंती आहे. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर असावे, असे १९९६ च्या कायद्यात म्हटले होते. पन्नासाव्या स्त्रीची वाट कशाला पाहावी? दहा स्त्रिया असल्या तरी एक खोली, एक दाई आणि बाळाला पाजण्यासाठी अर्धा तास सवड, इतके आपण देऊ शकतो.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. या यादीतील प्रत्येक बाळासाठी टोपडे, झबले, दोन दुपटी आणि लोकरीचे मोजे असा बाळंतविडा आमच्या दुकानातून जाईल. यात दातृत्व काही नाही. २००६ सालची ती सव्वा मीटरची रक्कम अजून माझ्या नावे आहे, ती मी फेडतो आहे.

माझी आई गेली तेव्हा घरातील कागदपत्रांत तिच्या हातची एक चिठ्ठी सापडली. तीत आम्हा चौघांची जन्मतिथी होती आणि त्याखाली आणखी तीन तिथ्या. त्या तिघांची नावे ठेवण्याइतकाही वेळ मिळाला नव्हता, पण तिथ्या तिने चुकवल्या नव्हत्या. आपल्या ट्रस्टच्या वहीत वाकडच्या प्रत्येक बाळाची तिथी अशीच लागावी. ज्या दिवशी त्या वहीतील जन्मांची आणि पहिल्या वाढदिवसांची बेरीज जुळेल, त्या दिवशी आपला खरा सुवर्णमहोत्सव झाला, असे मी मानेन.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!